आधी कॅल्शियम, मग मनगट, आणि जनुक सगळ्यांत शेवटी

गोव्याचे आरोग्य संचालक, गोवा मेडिकल कॉलेजचे (गोमेकॉ) अधिष्ठाता, जिल्हा इस्पितळांचे वैद्यकीय अधीक्षक, तसेच राज्यातील अस्थिरोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि प्रयोगशाळाचालक यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

हाडांची ‘जनुकीय कुंडली’ सांगणारी पाकिटे हल्ली घरबसल्या मागवता येतात. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, नळीत घालून पाठवायचा, की काही आठवड्यांनी रंगीत अहवाल येतो: व्हीडीआर जनुकाचा अमुक प्रकार, हाडे ठिसूळ होण्याचा धोका मध्यम, कॅल्शियम जास्त घ्या. हा अहवाल घेऊन येणाऱ्या पन्नाशीच्या बाईला दोनदा मुतखडा झालेला असतो, पाय दुखतात म्हणून ती ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घेत असते, आणि तिच्या रक्तातले कॅल्शियम कोणी मोजलेलेच नसते. ते ११.४ असेल, म्हणजे वाढलेले असेल, तर तिला जास्त कॅल्शियम घ्यायला सांगणारा कागद घातक आहे.

गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या विकारात जनुकांना महत्त्व नाही, असे आम्ही म्हणत नाही. ठरावीक रुग्णांत ते इतके आहे की जनुक न पाहता सुरी लावणे चुकीचे ठरते. पण बाजारात विकली जाणारी जनुके वेगळी आणि शस्त्रक्रियेचा निर्णय फिरवणारी जनुके वेगळी. या दोहोंची गल्लत थांबावी आणि तपासण्यांचा क्रम राज्यभर एकच असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी बाजारातल्या जनुकांचे पाहू. व्हीडीआर म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या ग्राहकाचे (पेशीतल्या रिसेप्टरचे) जनुक. १९९४ साली सिडनीच्या एका गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले की हाडांच्या घनतेतला आनुवंशिक फरक बव्हंशी या एका जनुकाच्या प्रकारांवरून समजतो. जगभर चाचण्या सुरू झाल्या. १९९७ साली त्याच गटाला दुरुस्ती छापावी लागली, कारण काही नमुन्यांचे जनुकप्रकारच चुकीचे वाचले गेले होते. पुढे युरोपातल्या हजारो लोकांच्या एकत्रित अभ्यासात बीएसएमआय, टॅकआय, फॉकआय या व्हीडीआरच्या प्रकारांचा घनतेशी संबंध सापडला नाही. पॅराथायरॉइडच्या रुग्णांत हेच प्रकार तपासणारे लहान लहान अभ्यास एकमेकांना छेद देतात. सीएएसआर, म्हणजे कॅल्शियम ओळखणाऱ्या ग्राहकाच्या जनुकाचा ए९८६एस हा प्रकार रक्तातले कॅल्शियम किंचित वर नेतो खरा, पण माणसामाणसांतल्या कॅल्शियमच्या फरकापैकी जेमतेम एक टक्का त्याच्या वाट्याला येतो. घनता मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांवरून ठाऊक आहे. मात्र तो वारसा शेकडो जागी थोडाथोडा वाटलेला असतो. चार प्रकार तपासून त्यातून एका माणसाच्या हाडाचे भविष्य निघत नाही. आरोग्य शिबिरांत अशा चाचण्यांना खात्याने जागा देऊ नये.

तिथेच टाचेवर अल्ट्रासाउंड लावून ‘हाडांची घनता मोफत’ सांगितली जाते, तिचेही तसेच. त्या आकड्यावर डेक्साचे (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीचे) निकष लावता येत नाहीत आणि टाचेवरून पॅराथायरॉइड कळत नाही. त्याच शिबिरात तेवढ्याच वेळात कॅल्शियम आणि अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) यांसाठी रक्त घेता येते.

खरी सुरुवात इथूनच होते. पॅराथायरॉइडच्या ग्रंथी चार, प्रत्येकी ३० ते ४० मिलिग्रॅमची, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातली एक वाढली की संप्रेरक, म्हणजे पीटीएच, जास्त सुटते आणि हाडातले कॅल्शियम रक्तात येते. दहापैकी आठ-साडेआठ रुग्णांत एकच गाठ असते, उरलेल्यांत एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतात, कर्करोग शंभरात एकाहूनही कमी. निदान दोन आकड्यांवर होते, पण हे दोन्ही आकडे चुकवणे फार सोपे आहे.

कॅल्शियमसाठी रक्त घेताना दंडाला पट्टा आवळून शीर शोधत राहिले, मूठ उघड-बंद करायला लावली, की आकडा खोटा चढतो. पट्टा एका मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. अल्ब्युमिन सोबत हवेच. ते ४ पेक्षा जितके कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचे. कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन ३.० असेल तर खरे कॅल्शियम ११.० होते. अहवालावर १०.२ पुढे तारा (मर्यादेबाहेरची खूण) नसतो आणि रुग्ण घरी जातो. प्रयोगशाळेच्या संगणकात हे सूत्र बसवायला खर्च नाही. दुरुस्त आकडा आपोआप छापून यावा, ही आमची प्रयोगशाळांना पहिली विनंती.

पीटीएचचा नमुना ईडीटीएच्या नळीत, थंड पेटीतून. साध्या नळीतले रक्त पेडण्याहून किंवा काणकोणहून उन्हात दोन तास प्रवास करून आले तर संप्रेरक वाटेतच विरते आणि आकडा खोटा उतरतो. दुसरा चोर म्हणजे बायोटिन. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असते आणि काही यंत्रांवर त्यामुळे पीटीएच खोटे कमी दिसते. रुग्ण त्याला औषध समजत नाही, म्हणून विचारल्याशिवाय सांगत नाही. नमुन्याआधी दोन-तीन दिवस ते बंद हवे.

मग आकडा वाचण्याचा प्रश्न. कॅल्शियम ११.२, पीटीएच ४८, प्रयोगशाळेची मर्यादा १५ ते ६५. पीटीएचपुढे तारा नाही, म्हणून ‘ग्रंथी ठीक आहे’ असा शेरा पडतो. तो चुकीचा आहे. कॅल्शियम ११.२ असताना निरोगी ग्रंथीने मान खाली घातलेली असते, पीटीएच २० च्या खाली गेलेले असते. ४८ चा अर्थ ग्रंथी ऐकत नाही. कॅल्शियम वाढलेले असेल तेव्हा पीटीएचच्या अहवालाखाली ‘या कॅल्शियमला हे पीटीएच साजेसे नाही’ अशी एक ओळ छापली तर बरीच निदाने वेळेवर होतील.

प्रेशरच्या गोळ्यांतले क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आणि मानसोपचारातले लिथियम कॅल्शियम वाढवतात. औषधांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय गळ्याचा स्कॅन लिहू नये. स्कॅन गाठ कुठे आहे ते सांगतो. आजार आहे की नाही, ते रक्त ठरवते. सेस्टामिबी स्कॅन कोरा आला म्हणून निदान रद्द करणे, ही नेहमीची चूक.

आता जनुकांचा खरा प्रवेश होतो, आणि तो लघवीच्या डब्यातून. वाढलेले कॅल्शियम आणि न दबलेले पीटीएच हे चित्र दोन अगदी वेगळ्या माणसांत दिसते. एकाच्या गळ्यात गाठ असते. दुसऱ्याच्या ग्रंथी निरोगी असतात, पण कॅल्शियम ओळखणारा ग्राहक जन्मतःच बधिर असतो. सीएएसआर जनुकातला बदल हे त्याचे मुख्य कारण, जीएनए११ आणि एपी२एस१ ही त्याची भावंडे. या कौटुंबिक अवस्थेत कॅल्शियम आयुष्यभर थोडे वर राहते, मूत्रपिंडे ते लघवीत सोडत नाहीत, आणि हाडांची घनता बहुधा वयाप्रमाणे नॉर्मल असते. अशा माणसाची ग्रंथी काढली तरी कॅल्शियम पुन्हा तिथेच येते. वर गळ्यावर व्रण आणि कधी आवाजाच्या नसेला इजा.

दोघांना वेगळे करायला २४ तासांची लघवी लागते. सकाळची पहिली लघवी टाकायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या सकट, डब्यात. डब्यात आम्ल असेल तर थेट त्यात करू नये, मगात घेऊन ओतावी, हे रुग्णाला तोंडी सांगा, चिठ्ठी कोणी वाचत नाही. लघवीतले कॅल्शियम गुणिले रक्तातले क्रिएटिनिन, भागिले रक्तातले कॅल्शियम गुणिले लघवीतले क्रिएटिनिन, हे गुणोत्तर काढायचे. समजा रक्तात कॅल्शियम ११.० आणि क्रिएटिनिन ०.८, लघवीत क्रिएटिनिन ६० आणि दिवसाची लघवी दीड लिटर. लघवीतले कॅल्शियम ६ असेल तर ४.८ भागिले ६६०, म्हणजे ०.००७. हे ०.०१ च्या खाली आहे, सुरी थांबवा, जनुक तपासा. तेच कॅल्शियम १८ असेल तर गुणोत्तर ०.०२२ आणि दिवसाला २७० मिलिग्रॅम. ही गाठ आहे, आणि मूत्रपिंडालाही धोका आहे. ०.०१ ते ०.०२ च्या मधल्यांना एका गुणोत्तरावर निकाल देता येत नाही.

गोळा केलेली लघवी पुरी आहे का, हे क्रिएटिनिनवरून कळते: बाईत वजनाच्या किलोमागे दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, पुरुषात २० ते २५. त्याहून फार कमी भरले तर डबा अर्धाच भरला आहे. ड जीवनसत्त्व कमी असेल, मूत्रपिंड थकले असेल किंवा थायझाइड चालू असेल तर गुणोत्तर खोटे कमी येते आणि गाठ असलेला रुग्ण ‘कौटुंबिक’ म्हणून परत पाठवला जातो. म्हणून ड जीवनसत्त्व आधी भरून काढायचे, पण बेताने. रोज १,००० ते २,००० युनिट पुरतात. ६ लाख युनिटांचे इंजेक्शन कॅल्शियम न पाहता टोचण्याची सवय मात्र सुटली पाहिजे. पाय दुखतात म्हणून आलेल्या या रुग्णाचे कॅल्शियम त्याने आणखी चढू शकते, आणि टोचलेले परत काढता येत नाही.

आता मनगट. डेक्साच्या चिठ्ठीवर ‘कंबर आणि खुबा’ एवढेच लिहिण्याची पद्धत आहे. सामान्य अस्थिक्षयाला ते पुरते. पीटीएच मात्र आधी हाडाची घट्ट बाहेरची भिंत पोखरते, आणि ती भिंत सर्वांत जास्त असते अग्रबाहूच्या खालच्या तिसऱ्या भागात. कमरेचे मणके आतून जाळीदार, तिथे घनता बराच काळ टिकून दिसते. वयस्क माणसात मणक्याला फुटलेले काटे आणि महाधमनीतला चुना तो आकडा आणखी फुगवतात. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) कंबर उणे १.४, खुबा उणे १.९, मनगट उणे ३.१ असा अहवाल या आजारात नवलाचा नाही. मनगट घेतलेच नाही तर तोच रुग्ण ‘थोडी झीज’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांवर राहतो.

तंत्रज्ञांसाठी: हात कमी वापराचा घ्या. त्याचे हाड पूर्वी मोडले असेल तर दुसरा. कोपराच्या टोकापासून मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्यापर्यंत लांबी टेपने मोजून यंत्रात भरा, अंदाजे नको. एक सेंटिमीटर चुकला तरी तिसरा भाग सरकतो आणि पुढच्या वर्षीची तुलना बाद होते. वाचायचा तो एक-तृतीयांश जागेचा आकडा, मनगटालगतच्या टोकाचा नव्हे. आणि बांगड्या. वेळ देतानाच फोनवर सांगा की बांगड्या, घड्याळ, गंडा काढून यायचे आहे. टेबलावर बसल्यावर सांगितले तर बाई संकोचते, मागे रांग असते, तंत्रज्ञ मनगट सोडून देतो आणि अहवालात ती जागा कोरी राहते. तेवढ्यासाठी निदान हुकते.

टी-स्कोअर तिन्हींपैकी कुठेही उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. पाळी न गेलेल्या बाया आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यात झेड-स्कोअर (त्याच वयाच्या हाडाशी तुलना) पाहायचा. घनता बरी दिसली तरी मणक्याचा बाजूचा एक्स-रे घ्या, न दुखता दबलेला मणका त्यात सापडतो. बाकीचे निकष पटकन: वय पन्नाशीच्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेहून १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त, मूत्रपिंडात खडा किंवा ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ६० च्या खाली, लघवीत दिवसाला बाईत २५० आणि पुरुषात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. पुढची डेक्सा त्याच यंत्रावर. प्रत्येक केंद्राने १५ रुग्ण तीनदा किंवा ३० रुग्ण दोनदा मोजून आपल्या यंत्राची चूक काढून ठेवावी. ती माहीत नसेल तर ‘३ टक्के घटली’ या वाक्याला अर्थ राहत नाही.

जनुकाची चाचणी कोणाची? तिशीच्या आत आजार झालेल्यांची, एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्यांची, घरात आणखी कोणाला असलेल्यांची, आणि सोबत दुसऱ्या ग्रंथींच्या खुणा असलेल्यांची. सगळ्या रुग्णांतले साधारण दहातले एक. नाव घेऊन शोधायची जनुके म्हणजे एमईएन१, सीडीसी७३, आरईटी, सीडीकेएन१बी, सीएएसआर व त्याची भावंडे, आणि जीसीएम२. ही जनुके हाडावर आघात करतात ते बहुतांशी ग्रंथीमार्फत. कोणत्या वयात ग्रंथी बिघडते आणि किती वर्षे बिघडलेली राहते, यावर घनता ठरते. एमईएन१ मध्ये, म्हणजे त्या जनुकातल्या बदलाने होणाऱ्या प्रकारात, आजार विशी-पंचविशीत सुरू होतो, म्हणजे हाडे आयुष्यातली सर्वाधिक घनता गाठत असतात नेमक्या त्याच वर्षांत. साठीत गाठ झालेल्या बाईने आधी कमावून ठेवलेले हाड गमावलेले असते, एमईएन१ असलेल्या मुलीने ते कमावलेलेच नसते.

शस्त्रक्रियाही बदलते. एमईएन१ मध्ये चारही ग्रंथी पाहाव्या लागतात आणि साधारण साडेतीन काढाव्या लागतात, एकच काढली तर आजार परततो. आरईटीत बदल असेल तर भूल देण्यापूर्वी मेटॅनेफ्रिन तपासून फिओक्रोमोसायटोमा (अधिवृक्क ग्रंथीची गाठ) नाही याची खात्री हवी, नाहीतर टेबलावरच रक्तदाब हाताबाहेर जाईल. सीडीसी७३ मध्ये कर्करोगाची शक्यता असते, म्हणून गाठीत सुई घालायची नाही आणि ती न फोडता अखंड काढायची.

इथे दंतवैद्यांना विनंती. जबड्यातल्या गाठीचा अहवाल ‘जायंट सेल’ असा आला तर खरवडण्याआधी कॅल्शियम करा. ती पीटीएचमुळे झालेली तपकिरी गाठ असू शकते, आणि बहुतेकदा ग्रंथी काढल्यावर ती आपोआप भरते. जबड्यात तंतुमय हाडासारखी गाठ आणि कॅल्शियम वर, हे तरुणात दिसले तर सीडीसी७३ ची शंका घ्या. अस्थिरोगतज्ज्ञांनाही तेच: मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात एकाहून अधिक पोकळ्या दिसल्या तर बायोप्सीच्या आधी रक्त. हाताचा साधा एक्स-रेही बोलका असतो, मधल्या पेऱ्याची अंगठ्याकडची कड कुरतडलेली दिसते.

चाचणीला ईडीटीएच्या नळीतले दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरते, पण संमती आणि समजावणे आधी. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला तर त्यावरून शस्त्रक्रिया ठरवायची नाही, नातलगांची चाचणीही नाही. एमईएन१ ची दाट शंका असून काही सापडले नाही तर एमएलपीए मागवा, मोठा तुकडाच गळालेला असेल तर साध्या वाचनात तो निसटू शकतो. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत मनगटासह डेक्सा आणि वरच्या निकषांतल्या रुग्णांची जनुकीय चाचणी कोणत्या नोंदीखाली बसते, हे खात्याने परिपत्रकात स्पष्ट लिहावे. रुग्णाने ते खिडक्या-खिडक्यांतून विचारत फिरू नये.

बदल सापडला की प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता बहुतेक प्रकारांत निम्मी. आपल्याकडे घरे मुंबईला, आखातात, पोर्तुगाल-इंग्लंडला विखुरलेली, पण चवथीला आणि गावच्या जत्रेला माणसे घरी येतात. त्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात नातलगांचे कॅल्शियम-अल्ब्युमिन तपासण्याची सोय करा. घरातल्या थोरल्या आत्याला कोणाला मुतखडे झाले, कोणाच्या पोटात अल्सर होते, कोण गळ्याच्या ऑपरेशननंतर गेला, हे सगळे पाठ असते. कागदावर तीन पिढ्या उतरवायला अर्धा तास लागतो.

उलट बाजूही थोडक्यात. पीटीएच कमी पडणाऱ्यांत, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर असो वा सीएएसआरच्या उलट दिशेच्या बदलामुळे, डेक्सावर घनता जास्त दिसते. ती चांगल्या हाडाची खूण नव्हे, जुने हाड बदलले जात नाही म्हणून ते साचते. या जनुकीय प्रकारात कॅल्शियम अगदी नॉर्मलपर्यंत चढवायचा हट्ट धरला तर मूत्रपिंडात खडे होतात. मुंग्या आणि पेटके थांबतील एवढेच पुरे.

शेवटची मागणी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी. ज्याची हाडे फार झिजली आहेत, ज्याचे अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांतून रक्तात येणारे विकर) खूप चढले आहे, त्याची गाठ काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हाडे रक्तातले कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात. रुग्ण तोवर घरी, सांग्याला किंवा वाळपईला, पोचलेला असतो. ओठांभोवती मुंग्या, बोटे आखडणे, मग झटके. हे दिसले की १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर, शिरेतून, दहा मिनिटे घेऊन सावकाश, ईसीजी लावून, आणि मग बांबोळीला, गोमेकॉत. सुई शिरेबाहेर गेली तर कातडी जळते, म्हणून शीर ठळक घ्या. औषध शोधायला लांब जावे लागू नये. जिथे प्रसूती कक्ष आहे तिथे मॅग्नेशियम सल्फेटचा उतारा म्हणून हीच इंजेक्शने ठेवायची असतात. ती या रुग्णालाही द्यायची, हे कपाटावर चिकटवा. डिस्चार्जच्या कागदावर शस्त्रक्रियेची तारीख, शेवटचे कॅल्शियम, आणि पुढचे रक्त कोणत्या दिवशी कोणत्या केंद्रात घ्यायचे, हे तिन्ही मराठीत किंवा कोकणीत ठळक लिहिलेले असावे.

आपले,
हाडांच्या आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या रुग्णांसाठी काम करणारे गोव्यातील काही डॉक्टर व तंत्रज्ञ